तिघांनी उतरवलेलं विमान

आमचे हे हवाई दलात वैमानिक होते असं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं लगेच युद्ध उभं राहतं. मग मला पुढचं वाक्य घाईनं बोलावं लागतं, की यांनी नोकरीतली बहुतेक वर्षं पोरांना विमान शिकवण्यात घालवली. ऐकणारा जरा हिरमुसतो. पण यांच्या स्क्वाड्रनचं कामच ते होतं. विशीतली नवी मुलं यायची, एका पंख्याच्या छोट्या विमानात यांच्या शेजारी बसायची, शिकायची आणि मोठ्या विमानांकडं निघून जायची. हे तिथंच राहायचे, पुढच्या तुकडीची वाट बघत. मास्तरच म्हणायचे, फक्त वर्ग हवेत भरायचा.

मधे मधे दुसरीकडं बदली व्हायची, पण फिरून फिरून हे त्याच स्क्वाड्रनला यायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही अणदूरला आलो. हे यांचं गाव. माझं माहेर तेर. एवढी वर्षं बाहेर काढून माणसं परत आली याचं गावाला फारसं नवल वाटलं नाही. इथला खंडोबासुद्धा दरवर्षी मुक्काम हलवून नळदुर्गला जातो आणि परत येतो. देवालाच बदली चुकत नाही, तिथं आमचं काय.

सवयी मात्र यांच्या बदलल्या नाहीत. ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी हे त्याच्याभोवती पूर्ण एक फेरी मारतात. टायर दाबून बघतात, खाली वाकून तेल गळतंय का बघतात, बॅटरीच्या वायरी हलवून बघतात. मग बसतात. बसल्यावर पुन्हा पुटपुटत सगळं तपासतात. तोवर शेतातल्या बाया खुरपं ठेवून बघत उभ्या राहतात. आमच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणते, पहिल्यांदा हे बघून मला म्हणाल्या, "भाऊजी ट्रॅक्टरला परदक्षिणा का घालत्यात गं? नवस हाय का काय?"

तर गेल्या वर्षी पाऊसकाळ सरत आला असताना यांना एक फोन आला. यांच्या जुन्या स्क्वाड्रनचा आताचा प्रमुख बोलत होता. आवाजावरून अगदी तरुण वाटला. स्क्वाड्रनचा मोठा वाढदिवस जवळ आला होता, त्या निमित्तानं एक छोटं पुस्तक काढायचं होतं, आणि स्क्वाड्रनमध्ये सगळ्यात जास्त काळ काढलेला माणूस म्हणून इतिहास यांनी लिहावा अशी सगळ्यांची इच्छा होती. फोनवर बोलताना हे आपोआप उभे राहिले. "जरूर," म्हणाले. फोन ठेवून खाली बसले आणि मला म्हणाले, "यात काय विशेष नाही. आठवड्यात होऊन जाईल."

मी तळावरच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. निबंध आठवड्यात होतो म्हणणारी मुलं मला चांगली ठाऊक आहेत.

पुस्तक इंग्रजीत व्हायचं होतं, पण त्यावरची भांडणं आमच्या घरात मराठीतच झाली. यांनी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसून पहिलं प्रकरण लिहिलं आणि मला वाचायला दिलं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होता: स्क्वाड्रनची स्थापना झाली. तंबू उभारण्यात आले. विमाने प्राप्त झाली. प्रशिक्षण सुरू करण्यात आले.

"तंबूत कोण होतं?" मी विचारलं.

"स्क्वाड्रन."

"स्क्वाड्रन झोपतं का तंबूत? पांघरूण घेतं?"

"इतिहास असाच लिहितात," हे म्हणाले. "गप्पागोष्टी घालायच्या नसतात त्यात."

पण दुसऱ्या दिवशी यांनी फोन हातात घेतला. पहिल्या दिवसांतले लोक थोडेच राहिले होते. एक म्हातारे गृहस्थ सापडले, त्यांना ऐकू कमी येत होतं आणि आठवत मात्र सगळं होतं. त्यांच्याकडून कळलं, की सुरुवातीला फळा नव्हता, तर विमानाचे सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून आले त्यांच्याच फळ्यांवर खडूनं शिकवायचे. धावपट्टीवर एका धनगराची मेंढरं चरायची. रोज सकाळी उड्डाणाआधी एक जण सायकलवर जाऊन त्याला विनंती करायचा. पुढं पुढं मेंढरांनाच इंजिनाचा आवाज कळायला लागला आणि ती आपणहून बाजूला व्हायची. हे मला ते सगळं सांगताना खदखदून हसत होते.

"हे लिहा की," मी म्हटलं.

"मेंढरं? स्क्वाड्रनच्या इतिहासात?"

"विमानं गेली आणि दुसरी आली. मेंढरांनी निदान काहीतरी शिकून दाखवलं."

यांनी मेंढरं घातली. एकाच ओळीत, पण घातली. तिथपासून काम जरा रुळावर आलं.

मग आमच्या काळाचं प्रकरण आलं, आणि त्यात ती गोष्ट आली. त्या स्क्वाड्रनमध्ये ती सगळ्यांना माहीत आहे. आमचं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. यांच्या हाताखाली लातूरकडचा एक मुलगा होता, अबोल, किडकिडीत, डोळे मोठे. मराठी बोलणारं घर म्हणून रविवारी आमच्याकडं जेवायला यायचा. त्याची एकट्यानं विमान चालवायची पहिली वेळ आली. त्याला ते लोक सोलो म्हणतात. शिक्षक विमानातून उतरतो, दार लावतो, आणि शिष्यानं एकट्यानं वर जाऊन एक फेरी मारून खाली यायचं असतं. एवढंच.

हा मुलगा वर गेला. फेरी मारली, खाली आला, धावपट्टीजवळ आला, आणि न टेकताच पुन्हा वर गेला. परत आला, परत वर. असं कितीतरी वेळा. रेडिओवर उत्तर देईना. आम्ही बायका क्वार्टर्सच्या गच्चीवर होतो. मी कपडे वाळत घालत होते. पहिल्यांदा विमान डोक्यावरून गेलं तेव्हा कुणी मान वर केली नाही, कारण तो आवाज आम्हाला रोजचा होता. पण तेच विमान पुन्हा पुन्हा यायला लागलं तशा आम्ही सगळ्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिलो. माझ्या हातात यांचा ओला शर्ट होता आणि तो मी पिळतच होते.

शेवटी तो उतरला. सुखरूप, चांगला अलगद उतरला. आणि मग गोष्ट तयार झाली, की घाबरलेल्या पोराला रेडिओवरून धीर देऊन, एकेक पायरी सांगत खाली आणलं.

कुणी आणलं, हा प्रश्न होता.

यांचं म्हणणं, यांनी. हे त्याचे शिक्षक. धावपट्टीच्या कडेला खोपटासारखी एक खोली असते, तिथं रेडिओ घेऊन हे बसले होते. यांनी अगदी शांत आवाजात सांगितलं आणि मुलानं यांचा ओळखीचा आवाज ऐकून विमान खाली आणलं. ही गोष्ट मी संसारात इतक्या वेळा ऐकली आहे, की तो शांत आवाज मला पाठ आहे. विशेष म्हणजे घरात तो कधी ऐकू आला नाही.

यांनी ते प्रकरण लिहून पुण्याच्या मित्राला वाचायला पाठवलं. हे मित्रही तिथंच शिक्षक होते, आणि त्या दिवशी टॉवरमध्ये त्यांची ड्युटी होती. संध्याकाळच्या आत त्यांचा फोन आला.

"प्रकरण झकास आहे," ते म्हणाले. "फक्त त्या सोलोच्या ठिकाणी तुझं नाव पडलंय. माझं घाल."

"तुझं कशाला?"

"कारण मी उतरवलं त्याला. टॉवरचा रेडिओ माझ्या हातात होता. पोरगं भीतीनं बोलत नव्हतं, पण माझं ऐकत होतं. मी सांगेन तसं वळत होतं."

"ती फेरीच तशी ठरलेली असते. तू सांगितलं नसतं तरी तिथंच वळला असता."

बोलणं लांबलं. मी आत भाकरी थापत होते आणि यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. शांत नव्हता.

पुढचा फोन आम्ही केला नव्हता, पण तो आलाच. पुण्याच्या मित्रांनी पंजाबात राहणाऱ्या तिसऱ्या मित्राला साक्षीला घेतलं होतं. ते त्या वेळी दुसऱ्या शिष्याला घेऊन वर हवेतच होते. ते हिंदीत म्हणाले, की तुम्ही दोघं जमिनीवर बसून काय उतरवणार? वरून मी त्याच्याशी बोललो, म्हणून तो उतरला. जमिनीवरच्यांना त्यातलं काय कळणार.

म्हणजे तिघंही एकाच वेळी बोलत होते. त्या रेडिओवर दोघं एकदम बोलले तर नुसती किरकिर ऐकू येते, हे मला यांनीच कधीतरी सांगितलं होतं. मी त्याची आठवण करून दिली. यांनी चष्मा पुसायला घेतला.

ते लिहिणं तिथंच अडलं. हे रोज लॅपटॉप उघडायचे, ते पान बघायचे आणि मागच्या पानावर जाऊन स्वल्पविराम बदलायचे. एक दिवस मी शेजारी जाऊन बसले तर हे वेगळंच पान लिहीत होते. त्या गोष्टीच्या आदल्याच मोसमात स्क्वाड्रनमधला एक मुलगा गेला होता. विमान पडून. तो यांचा शिष्य नव्हता, पण त्याला हे रोज बघायचे. त्याच्याबद्दल यांनी कुणाला फोन केला नाही, मला काही विचारलं नाही. तो कुठल्या गावचा, मेसमध्ये कुठल्या खुर्चीवर बसायचा, सगळं एका दमात लिहून काढलं. मी वाचलं आणि एक अक्षर बदलायला सांगितलं नाही.

"त्यानंतर लगेच हा वर नुसता फिरत राहिला," हे म्हणाले. "आमचं काय झालं असेल बघ."

इतक्या वर्षांत ही बाजू मला यांनी पहिल्यांदा सांगितली.

पुण्याच्या मित्रांना तुळजापूरला देवीच्या दर्शनाला यायचंच होतं. थंडी पडली होती, ज्वारी हुरड्याला आली होती. मी म्हटलं, त्यांना इकडंच बोलवा आणि काय ते समोरासमोर मिटवा. आणि ज्याला उतरवलं त्यालाही बोलवा. तो मुलगा आता मुलगा राहिला नव्हता. हवाई दलातून निवृत्त होऊन, पुढं प्रवासी विमानं चालवून, आता हैदराबादला स्थायिक झाला होता. आमचं गाव हैदराबाद रस्त्यावरच आहे. दिवाळीला त्याचा फोन असतो. यांनी बोलावल्याबरोबर तो म्हणाला, "येतो सर. लातूरला आईकडं जायचंच आहे, आधी तुमच्याकडं येतो."

पुण्याचे मित्र आदल्या दिवशी आले. पन्नाशीत होते तसेच ताठ, फक्त मिशा पांढऱ्या. शेतात आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला एवढं समजवा. खोटा इतिहास लिहिला तर पुढची पोरं काय शिकतील?"

"खरंय," मी म्हटलं. "म्हणून तर साक्षीदार बोलावलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, डोळे तेवढेच मोठे. गाडीतून उतरून यांच्या पाया पडला, मित्रांच्या पडला, मला म्हणाला, "मॅडम, शेंगापोळ्या आहेत ना?" शेतात आगटी पेटली होती. आक्का गोवरीवर कणसं भाजून हातावर चोळून देत होत्या. सगळे गोल करून बसले. शेंगाची चटणी, गूळ, दही. मी म्हटलं, आधी खाऊ द्या त्याला. पण यांना दम निघत नव्हता.

"तो तुझा सोलो," हे म्हणाले. "आठवतो?"

"तो कसा विसरेन सर?"

"मी तुझ्याशी बोलत होतो. हाही टॉवरमधून बोलत होता म्हणतो. आणि तिसरा वरून. तू आता न घाबरता सांग. कुणाचं ऐकून उतरलास?"

त्यानं हातातला हुरडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग माझ्याकडं बघितलं. मी काय मदत करणार?

"सर, सांगू का?" तो म्हणाला. "मला कुणाचंच ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"हेडसेटची पिन निघाली होती. धावपट्टी सोडताना हात लागला असेल. कानात नुसती शांतता. मला वाटलं रेडिओ बंद पडला. खाली उतरल्यावर बघतो तर वायर मांडीवर लोंबकळतेय. कुणी यायच्या आत मी ती परत खोचली."

पुण्याच्या मित्रांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. "अरे, पण उतरल्यावर तू मला म्हणालास. मी विचारलं, माझं नीट ऐकलंस ना? तू म्हणालास, येस सर."

"तुम्ही विचारलं, म्हणून म्हणालो सर. ह्या सरांनी विचारलं, त्यांनाही येस सर म्हणालो. तिसरे सर उतरून धावत आले, मिठी मारून तेच विचारलं. त्यांनाही म्हणालो." तो जरा थांबला. "तेव्हा आम्हाला दुसरं काही म्हणायला शिकवलंच नव्हतं."

आक्का कणसं भाजायच्या थांबल्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण मोठ्या माणसांचं काहीतरी फसलं एवढं कळलं होतं.

यांचा पहिला धक्का ओसरला आणि आतला मास्तर जागा झाला. "मग टेकत का नव्हतास?"

"विमान टेकायलाच तयार नव्हतं. दर वेळी मी उंच राहायचो. पट्टी खालून निघून जायची, विमान आपलं तरंगतंय."

"मी सांगितलं होतं तुला. एकटा असलास की विमान हलकं होतं, थोडं आधीच इंजिन कमी करायचं."

"सांगितलं होतं सर. पण किती हलकं, ते नव्हतं सांगितलं."

मग मला हसू आवरेना. त्या काळात आमचे हे शेजारच्या सीटवर बसले की त्या बाजूचं विमान जरा खचतं असं मेसमध्ये थट्टेनं म्हणायचे. त्याला जबाबदार मी होते. नवीन लग्न, परमुलूख, हाताशी वेळ भरपूर आणि तेरहून आईनं पाठवलेल्या शेंगा. मी आठवड्यातून दोनदा शेंगाच्या गोड पोळ्या करायची.

"म्हंजी भाऊजींचं वजन नडलं व्हय?" आक्कांनी विचारलं.

"नडलं नाही काकू," तो म्हणाला. "सरांच्या वजनासकट विमान उतरवायला शिकलो होतो. ते उतरून गेले. मग ते नसल्याचा हिशेब माझा मलाच करावा लागला. तेवढ्या फेऱ्या गेल्या त्यात."

"घाबरला नव्हतास?" मी विचारलं.

"पहिल्या फेऱ्यांना घाबरलो. मग रागावलो. शेवटी भूक लागली, तेव्हा उतरलो."

पुण्याचे मित्र उठले आणि शेताच्या बांधाकडेनं ज्वारी बघत लांबपर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मिशांखाली हसू होतं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही. "गळा बसला होता माझा त्या दिवशी," एवढंच म्हणाले. "दोन दिवस आवाज नव्हता."

"माझाही," हे म्हणाले.

तो मान खाली घालून ऐकत होता. "हे मला माहीत नव्हतं सर," तो म्हणाला. आक्कांनी सगळ्यांच्या हातावर गरम हुरडा ठेवला.

पंजाबातल्या मित्रांना कळवायचं काम माझ्यावर आलं, कारण दोघांनाही ते नको होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खूप हसले आणि म्हणाले, "भाभीजी, पिन निघाली होती हे खरं असेल, पण माझा आवाज पिनेशिवाय पोचतो." त्यांच्याशी अर्धा तास बोलल्यावर मलाही ते पटत आलं होतं.

इतिहासात काय लिहायचं याच्यावर पुन्हा फोन झाले. पुण्याच्या मित्रांचं म्हणणं, ती गोष्टच गाळावी. नवी पोरं शिक्षकांना हसतील. यांनी दोन दिवस विचार केला. दोन दिवस ट्रॅक्टरकडंही लक्ष नव्हतं, नुसतंच बसून सुरू करायचे. मग लिहिलं. मला वाचायला दिलं तेव्हा स्वतः उठून मोटार बंद करायला विहिरीवर गेले. मोटार बंदच होती.

त्यात असं होतं: त्या दिवशी आम्ही तिघंही त्याच्याशी बोलत होतो. त्याला ऐकू येत नव्हतं. तो स्वतः शिकून स्वतः उतरला. आमच्या कामाचा उद्देश तोच होता, पण हे लक्षात यायला आम्हाला बरीच वर्षं लागली.

मी म्हटलं, "हे चांगलं आहे."

"खरं?"

"खरंच चांगलं आहे. फक्त गच्चीवरच्या बायका राहिल्या."

"बायकांना इतिहासात कुठं बसवू मी?"

"बसलोच नव्हतो आम्ही. उभ्या होतो सगळ्या."

यांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा लॅपटॉप ओढला आणि एक ओळ वाढवली. छापलेल्या पुस्तकात ती आहे. त्यात शर्टाचाही उल्लेख आहे, पण पिळून पिळून मी तो फाडला असं लिहिलंय, ते खोटं आहे. शिवण उसवली होती फक्त.

पुस्तक छापून आलं ते उन्हाळ्यात. समारंभाला आम्ही जाऊन आलो. यांनी तिथं भाषण केलं, नवी मुलं-मुली कडक गणवेशात बसून ऐकत होती, आणि मेंढरांच्या गोष्टीला सगळ्यात जास्त हसू आलं. परत आल्यावर आक्का म्हणाल्या, "आमाला बी वाचून दाव की. इंग्रजी हाय म्हणून आमी काय गुन्हा केला?" मग दुपारी पडवीत पंखा लावून आक्का, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी अशा बसल्या, आणि मी इंग्रजीवरून बघत मराठीत सांगत गेले. धनगराची मेंढरं, खोक्यांच्या फळ्यांवरचे धडे, गेलेला मुलगा, मग ती सोलोची गोष्ट. हे आत झोपल्याचं सोंग करून ऐकत होते.

गोष्ट संपली. शेजारणी हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "लई भारी हाय. पर त्या पोराच्या आईला कवा कळलं?"

मी पुस्तकाकडं बघितलं. त्यात नव्हतं. तीन शिक्षक, टॉवर, धावपट्टी, आम्ही बायकासुद्धा होतो. आतून यांचा आवाज आला, "तेव्हा घरी कळवायची पद्धत नव्हती. काही झालं नव्हतं ना."

"तुमी न्हाय कळवलं. पर पोरानं?" आक्का म्हणाल्या. "इचार की त्याला. फोन हाय न्हवं?"

मी तिथंच फोन लावला. तो म्हणाला, "आईला? नाही मॅडम. कधीच नाही सांगितलं. तिनं मला पुन्हा विमानात बसू दिलं नसतं."

"अन् आता?" आक्कांनी माझ्या हातातला फोन आपल्याकडं ओढला. "आता कोण बसाया अडवतंय तुमाला? म्हातारी हाय तवर सांगा तिला. लोकांच्या पुस्तकात आलंय, अन् आईला ठावं न्हाय, असं कुटं असतंय व्हय?"

तो हो म्हणाला. आक्कांना येस सर म्हणाला नाही एवढंच.

नंतर तो लातूरला जाऊन आला आणि त्याचा फोन आला. आईला ऐकू चांगलं येतं, डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या खाटेशी बसून त्यानं सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं त्याच्या डोक्यावरून, टक्कल पडलंय त्या जागेवरून, हात फिरवला आणि विचारलं, "उतरल्यावर जेवलास का नाही?"

"काय सांगितलंस मग?" मी विचारलं.

"सांगितलं, की मॅडमनी बोलावून जेवू घातलं."

हे मात्र मला आठवत नव्हतं. यांना विचारलं तर यांनाही आठवेना. पण घातलं असेल. त्या दिवसांत तो आमच्याकडंच जेवायचा.